सॉफ्टवेअर करून घेताय? आधी स्क्रीन कागदावर बघा!



पुण्यात फ्लॅट घेताना आपण काय करतो? ब्रोशर चाळतो, कार्पेट एरिया विचारतो, आणि लगेच म्हणतो, "सॅम्पल फ्लॅट दाखवा." आत पाऊल टाकल्यावर पाच मिनिटांत असे प्रश्न निघतात जे घरी बसून सुचलेच नसते. वॉशिंग मशीन कुठे ठेवायचं? फ्रिजचं दार पूर्ण उघडेल का? आईला रात्री बाथरूमला जायचं तर मध्ये पायरी आहे का? ब्रोशरमधलं '२ बीएचके, सुटसुटीत किचन' हे खोटं नसतं. पण वाचताना आपल्या डोक्यात एक किचन असतं आणि बिल्डरच्या नकाशात दुसरं.

फ्लॅटचं सोडा, लग्नाचा कोट शिवायचा असला तरी शिंपी कच्ची शिवण घालून एकदा ट्रायलला बोलावतो. कात्री चालवून झाल्यावर कापड परत जोडता येत नाही, हे त्याला माहीत असतं.

आणि आपण सॉफ्टवेअर कसं करून घेतो? दोन-चार लाखांचं काम असतं. एक मीटिंग होते, चहा होतो. मग व्हॉट्सॲपवर आठ-दहा ओळी जातात: 'स्टॉक हवा, बिलिंग हवं, रिपोर्ट हवेत, मोबाइलवर दिसायला हवं.' समोरून 'होऊन जाईल सर' असं उत्तर येतं. ॲडव्हान्स जातो. तीन महिन्यांनी डेमो होतो आणि आपण म्हणतो, "अहो, हे असं नव्हतं सांगितलं!" तो म्हणतो, "सर, तुम्ही लिहिलंय तसंच केलंय." दोघंही खरं बोलत असतात. इथून पुढे भांडण, जादा पैसे, आणि बहुतेक वेळा ते सॉफ्टवेअर बाजूला पडून पुन्हा जुनी वही.

आजच्या लेखात एवढी एकच गोष्ट समजून घ्यायची आहे: कोड लिहायला सुरुवात होण्याआधी स्क्रीन डोळ्यांनी बघायची, आणि ती आपल्या खऱ्या कामावर घासून बघायची. याला म्हणतात व्हिज्युअल प्रोटोटाइप. आपण त्याला साधं 'नमुना' म्हणू.

एकच शब्द, दोन चित्रं

एक उदाहरण घेऊ. समजा, भोसरी एमआयडीसीत तुमचा मशीनिंगचा छोटा कारखाना आहे. गिऱ्हाईक कंपनी कास्टिंग पाठवते, तुम्ही मशीनिंग करून परत देता. शुद्ध जॉबवर्क. तुम्ही सॉफ्टवेअरवाल्याला सांगता, "आलेल्या आणि गेलेल्या मालाचा हिशेब हवा."

आता 'हिशेब' हा शब्द बघा. सॉफ्टवेअरवाल्याच्या डोक्यात तीन रकाने उभे राहतात: आवक, जावक, शिल्लक. १०० आले, ९० गेले, शिल्लक १०. गणित बरोबर, प्रोग्राम सोपा.

तुमच्या डोक्यात काय असतं? सोमवारी एका चालानवर १०० नग आले. गुरुवारी ६० गेले. पुढच्या आठवड्यात ३० गेले. राहिले १०. पण ते १० 'शिल्लक' नाहीतच! त्यातल्या ६ नगांत बोअर करताना ब्लो होल निघाले, म्हणजे कास्टिंगचा दोष, म्हणजे गिऱ्हाइकाच्या खात्यावर. उरलेले ४ आपल्या ऑपरेटरच्या हातून अंडरसाइज झाले, म्हणजे मशीनिंग रिजेक्शन, म्हणजे आपल्या नावावर डेबिट नोट येणार. आणि त्या ६ नगांवर पहिलं ऑपरेशन तर आपण केलंय, मग त्याची मजुरी मिळणार की नाही? प्रत्येक गिऱ्हाइकाबरोबर त्याचा वेगळा ठराव असतो.

ही एवढी कहाणी तुमच्यासाठी 'हिशेब' या एका शब्दात बसलेली आहे. तुम्ही ती लपवून ठेवली नव्हती. वीस वर्षं रोज तेच करताय, त्यामुळे सांगायची गरजच वाटली नाही. आणि समोरच्यानेही विचारलं नाही, कारण त्याला शब्द कळला होता. शब्द कळला की माणूस प्रश्न विचारायचं थांबवतो. सगळी गंमत, खरं तर सगळं नुकसान, तिथे आहे.

आता हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने करू. सॉफ्टवेअरवाल्याने एका कोऱ्या कागदावर स्क्रीन काढली. वर चालान नंबर, खाली तीन चौकटी: आले १००, गेले ९०, शिल्लक १०. कागद टेबलावर ठेवला. तुमचा डिस्पॅच सुपरवायझर तिथे उभा आहे. त्याने एक नजर टाकली की तो म्हणणार, "साहेब, शिल्लक १० कुठले? रॅकवर तर एकही नग नाही." झालं! दहा सेकंदांत तो मुद्दा बाहेर आला जो दहा पानी दस्तऐवजातून आला नसता. दुरुस्तीचा खर्च किती? खोडरबरचा.

हीच चूक डेमोच्या दिवशी सापडली तर डेटाबेस बदलायचा, रिपोर्ट बदलायचे, बिलिंग बदलायचं. आणि वापर सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी सापडली, तर सहा महिन्यांचा चुकीचा डेटा निस्तरत बसायचं.

नमुना म्हणजे नेमकं काय?

नमुना म्हटलं की लोकांना वाटतं काहीतरी महागडं, मोठ्या कंपन्यांचं प्रकरण. तसं नाही. ढोबळमानाने तीन पायऱ्या धरा.

पहिली पायरी, कागद. पेन्सिलने काढलेली स्क्रीन. बटण म्हणजे चौकोन, यादी म्हणजे आडव्या रेघा. एका स्क्रीनला एक कागद. बटणावर बोट ठेवलं की समोरचा पुढचा कागद सरकवतो. हसू नका, हे भन्नाट चालतं.

दुसरी पायरी, क्लिक होणारी चित्रं. फिग्मा, बाल्सामिक अशी साधनं आहेत. ती नसतील तर पॉवरपॉइंटसुद्धा पुरतं: एका स्लाइडवरचं बटण दाबलं की दुसरी स्लाइड उघडते. आत काहीच नसतं, सगळा देखावा. पण मोबाइल हातात घेऊन दाबून बघता येतं.

तिसरी पायरी, थोडं खरं चालणारं. एकच काम, उदाहरणार्थ फक्त इनवर्ड एंट्री, पण खरोखर साठवणारं. हे सगळ्यात शेवटी, आणि तेही जिथे शंका सगळ्यात जास्त आहे त्याच भागाचं.

पाम पायलट हे खिशातलं यंत्र १९९६ साली बाजारात आलं. ते बनवणारे जेफ हॉकिन्स त्याआधी काय करायचे, माहिती आहे? खिशात बसेल एवढा लाकडाचा ठोकळा घेऊन हिंडायचे. कुणी भेटीची वेळ विचारली की ठोकळा काढायचा आणि त्यावर लिहिल्यासारखं करायचं. असं यंत्र आपण दिवसभर खरंच वापरू का, हे त्यांनी लाकडावरच तपासलं. आपल्याला तर ठोकळाही नको, कागद पुरे.

हे आजचं खूळ नाही

सॉफ्टवेअरच्या जगात हा प्रश्न जुना आहे. फ्रेड ब्रूक्स या संगणकतज्ज्ञांनी १९८६ मध्ये 'नो सिल्व्हर बुलेट' हा गाजलेला निबंध लिहिला. त्यात त्यांचा मुद्दा असा होता की सॉफ्टवेअरमधलं सगळ्यात अवघड काम प्रोग्राम लिहिणं नव्हे, तर नेमकं काय बनवायचं ते ठरवणं. गिऱ्हाइकाला स्वतःलाच ते आधीपासून पूर्ण माहीत नसतं. म्हणून नमुने करून, दाखवून, सुधारत जायचं, असं त्यांनी सुचवलं.

त्याच्या थोडं आधी, १९८४ मध्ये, बॅरी बोहेम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या एका विद्यापीठात ७ गटांना एकच सॉफ्टवेअर बनवायला दिलं. ४ गटांनी आधी सविस्तर लेखी दस्तऐवज केला, ३ गटांनी आधी नमुना केला. शेवटी दोन्हीकडची सॉफ्टवेअर कामगिरीत साधारण सारखीच ठरली. पण नमुनावाल्यांचा कोड सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता आणि मेहनत सुमारे ४५ टक्क्यांनी कमी लागली. त्यांचं सॉफ्टवेअर शिकायला आणि वापरायलाही सोपं निघालं.

पण थांबा, दुसरी बाजूही त्याच प्रयोगात आहे. लेखी दस्तऐवज करणाऱ्यांची आतली रचना जास्त सुसंगत होती, भाग एकमेकांना जोडायला सोपे गेले, आणि मजबुतीत ते थोडे पुढे होते. म्हणजे नमुना केला की लिहिणं सोडून द्या, असा याचा अर्थ नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शिवाय ते छोटं काम होतं आणि विद्यार्थ्यांचे गट होते. तेव्हा 'आपलेही ४५ टक्के वाचणार' असा हिशेब लगेच मांडू नका. दिशा घ्या, आकडा नको.

आणि आपलं पुणं यात मागे नाही हं! टाटा समूहाची टीआरडीडीसी ही संशोधन संस्था १९८१ साली पुण्यात सुरू झाली. भारतीय आयटी उद्योगाचे जनक म्हणून ओळखले जाणारे फकीरचंद कोहली त्यामागे होते. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या या संस्थेत सॉफ्टवेअर अभियांत्रिकीवर मोठं काम झालं. आधी व्यवसायाचं मॉडेल नीट मांडायचं आणि मग त्या मॉडेलवरून साधनांच्या मदतीने कोड तयार करायचा, ही दिशा तिथे घेतली गेली. टीसीएसचं मास्टरक्राफ्ट हे साधन त्यातून आलं. आपल्या कागदी स्क्रीनपेक्षा ते कितीतरी खोल आणि तांत्रिक काम आहे. पण मूळ शिस्त तीच: कोड नंतर, आधी सगळ्यांना दिसेल असं चित्र.

पुण्याने हे रस्त्यावर करून पाहिलंय

सॉफ्टवेअरबाहेरचं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मी रोडचं घ्या. ११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने 'पादचारी दिन' केला. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा टप्पा त्या दिवशी गाड्यांना बंद ठेवला आणि चालणाऱ्यांना मोकळा केला. आता विचार करा, 'लक्ष्मी रोड पादचाऱ्यांसाठी हवा' हे वाक्य कागदावर वाचून दुकानदार काय बोलणार, रिक्षावाले काय बोलणार, लग्नाची खरेदी करायला आलेलं कुटुंब काय बोलणार? प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा रस्ता. एक दिवस खरोखर मोकळा केला की सगळे एकाच रस्त्याबद्दल बोलतात. गिऱ्हाईक येतं का, गाड्या कुठे लावायच्या, टेम्पोतून माल कधी उतरवायचा, हे प्रश्न नेमके होतात. आणि नाही जमलं तर संध्याकाळी बॅरिकेड उचलायचे. ना काँक्रीट ओतलं, ना काही फोडलं.

दुसरं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या घरातलं: सातबारा. राज्याच्या भूमी अभिलेखांचं मुख्यालय, म्हणजे जमाबंदी आयुक्तांचं कार्यालय, पुण्यातच आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर आले तेव्हा नावात, क्षेत्रात, नोंदीत फरक निघाले. मग २०१७ च्या उन्हाळ्यात गावोगावी संगणकीकृत सातबाऱ्यांचं चावडी वाचन झालं. गावासमोर उतारा वाचायचा आणि ज्याची जमीन आहे त्याने सांगायचं, बरोबर की चूक. वाडवडिलांचं नाव चुकलंय, हे ऑपरेटरला कळणार नाही. शेतकऱ्याला एका क्षणात कळतं.

यातून दोन धडे घ्या. एक, चूक ओळखणारा माणूस संगणकापुढे बसलेला नसतो, तो शेतात किंवा गेटवर असतो. त्याच्यापर्यंत चित्र न्यावं लागतं. दोन, चावडी वाचन माहिती भरून झाल्यावर झालं, त्यामुळे पुढे दुरुस्त्यांचं मोठं काम आलं. आपल्याला आपल्या कारखान्यात हेच वाचन माहिती भरण्याआधी, कोड लिहिण्याआधी करायची संधी आहे. ती सोडू नका.

दीड तासाची बैठक कशी घ्यायची?

आता कामाचं बोलू. सॉफ्टवेअरवाल्याला आपल्याकडे बोलवा. त्याच्या एसी ऑफिसात नको, आपल्या शॉपफ्लोअरवर.

१. टेबलावर खरे कागद ठेवा. गेल्या महिन्यातली पाच चालानं, इनवर्ड रजिस्टरची दोन पानं, एक डेबिट नोट, एक बिल. गिऱ्हाइकाची नावं झाकायची असतील तर झाका, पण आकडे खरे ठेवा. 'एबीसी कंपनी, १० नग' असल्या खोट्या आकड्यांवर कुणाचंही डोकं चालत नाही.

२. जो रोज वापरणार त्यालाच बसवा. मालकाने एकट्याने स्क्रीन पास करायची नाही. डिस्पॅच सुपरवायझर, स्टोअरकीपर, अकाउंट्सच्या ताई. मालकाला रिपोर्ट बघायचा असतो, एंट्री दुसऱ्यालाच मारायची असते.

३. एकच काम निवडा. 'पूर्ण सिस्टिम' नको. 'माल गेटवर आला तिथपासून पावती दिली तिथपर्यंत', एवढंच.

४. काम करायला सांगा, मत विचारू नका. "स्क्रीन कशी वाटली?" असं विचारलं की माणूस "छान आहे साहेब" म्हणतो. आपल्याकडे समोरच्याला तोंडावर वाईट म्हणायची पद्धत नाही. त्याऐवजी चालान हातात द्या आणि म्हणा, "हे भरून दाखवा." मग त्याचं बोट कुठे अडतं ते बघा.

५. सॉफ्टवेअरवाल्याने गप्प बसायचं. हे त्याच्यासाठी सगळ्यात अवघड! "नाही नाही, ते बटण वर आहे बघा" असं म्हणायचा मोह होतो. तो आवरायचा. उद्या गेटवर सांगायला तो नसणार.

६. अडलेली प्रत्येक जागा त्याच कागदावर लाल पेनाने लिहा. मागाहून मिनिट्स वगैरे नकोत. तिथल्या तिथे खोडा, नवीन काढा, पुन्हा करून बघा.

एका बैठकीत सगळं होत नाही. दोन-तीन फेऱ्या धरा. पण दुसऱ्या फेरीत लाल शाई कमी झालेली दिसली की समजायचं, गाडी रुळावर आहे.

सरळ दिवस नको, वाकडा दिवस घ्या

डेमोत नेहमी सरळ दिवस असतो. एक चालान आलं, माल झाला, गेला, बिल झालं, टाळ्या. आपला धंदा असा चालतो का? नमुन्यावर मुद्दाम वाकडे दिवस चालवून बघा. भोसरीच्या त्याच कारखान्यासाठी काही प्रश्न देतो, तुम्ही तुमच्या धंद्याचे काढा.

दोन चालानांचा माल एकाच टेम्पोतून गेला तर? चालानवर १०० लिहिलंय आणि मोजले तर ९८ निघाले, तर? रिवर्कसाठी परत आलेला नग नवीन आवक धरायची की जुन्या चालानला लावायचा? लाइट गेली, नेट गेलं आणि गाडी गेटवर उभी आहे, तर? सुपरवायझरचे हात तेलाचे आहेत, तो कीबोर्ड वापरेल की मोबाइलवर मोठी बटणं लागतील? चुकून एंट्री झाली तर कोण खोडू शकतं, आणि खोडल्याची नोंद राहते का?

आणि एक महत्त्वाचा. जीएसटीच्या नियमाप्रमाणे जॉबवर्कला दिलेला माल साधारणपणे १ वर्षाच्या आत परत यावा लागतो. नाहीतर पाठवणाऱ्याने तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं. मुदतवाढीची तरतूद आहे, तुमच्या सीएंना विचारा. आता तुमचं गिऱ्हाईक फोन करून विचारणार, "आमचं कोणतं चालान किती दिवसांपासून तुमच्याकडे उघडं आहे?" हे उत्तर देणारी स्क्रीन नमुन्यात आहे का? 'आवक-जावक-शिल्लक' या तीन चौकटींतून ते कधीच मिळणार नाही, कारण तिथे माल चालानप्रमाणे मोजलेलाच नाही. बघा, कागदावर विचारलेला एक प्रश्न सगळी आतली रचना बदलून टाकतो. तो आत्ता विचारला तर फुकट, नंतर विचारला तर लाखांत.

आयटीवाल्या मित्रांसाठी दोन शब्द

आपला चॅनल हिंजवडी-खराडीकडचेही बरेच जण बघतात, म्हणून हे. भोसरी ते हिंजवडी हे अंतर गाडीने एखाद्या तासात कापता येतं, ट्रॅफिकने कृपा केली तर. भाषेचं अंतर मात्र वर्षभर कापलं जात नाही. कारखानदार म्हणतो 'एंट्री', तुम्ही समजता रेकॉर्ड. तो म्हणतो 'बंद केलं', तुम्ही समजता डिलीट. तो म्हणतो 'लगेच', तुम्हाला वाटतं काही सेकंदांत, त्याला म्हणायचं असतं संध्याकाळी सहाच्या आत.

'क्लायंटला काय हवं तेच माहीत नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. त्याला धंदा पूर्ण माहीत आहे, सॉफ्टवेअरची भाषा माहीत नाही. त्याला 'रिक्वायरमेंट लिहून द्या' म्हणणं म्हणजे पेशंटला स्वतःचं प्रिस्क्रिप्शन लिहायला सांगणं. चित्र काढा, समोर ठेवा, चुकीचं काढायलाही घाबरू नका. चुकीचं चित्र बघितलं की माणूस हमखास बोलतो. कोरा कागद बघून तो 'तुम्हीच सांगा' म्हणतो.

नमुन्याचे धोकेही ओळखा

पहिला धोका: नमुना फार देखणा असला की मालकाला वाटतं काम झालंच. "स्क्रीन तर तयार आहेत, मग दोन महिने कशाला?" सॅम्पल फ्लॅट बघून कुणी त्याच दिवशी सामान हलवत नाही ना? तसंच हे. म्हणून पहिल्या फेरीला मुद्दाम पेन्सिलचाच कागद वापरा. पेन्सिल बघून कुणाला पझेशनची घाई होत नाही.

दुसरा धोका: चर्चा रंगावर जाते. निळा की हिरवा, लोगो डावीकडे की उजवीकडे. अर्धा तास त्यात गेला की खरा विषय राहतो. काळ्या-पांढऱ्या चित्रात हा त्रास होत नाही.

तिसरा आणि मोठा धोका: नमुन्यात जे दिसत नाही ते राहून जातं. बॅकअप कुठे आणि किती वेळाने? टॅलीत नोंदी कशा जाणार? कुणाला काय दिसावं आणि काय दिसू नये? पाच वर्षांनी डेटा कुणाच्या मालकीचा? सॉफ्टवेअरवाला दुसरीकडे गेला तर पासवर्ड कुणाकडे? याचं चित्र निघत नाही. बोहेमच्या प्रयोगातली दुसरी बाजू आठवा: लिहिण्याची जागा नमुना घेत नाही. म्हणून प्रत्येक पास झालेल्या स्क्रीनच्या मागे एक पान नियम लिहा, साध्या मराठीत. 'मशीनिंग रिजेक्शन गेलेल्या मालात धरायचं नाही.' 'बिल झालेली एंट्री फक्त मालक बदलू शकतो.' पुढे चित्र आणि मागे नियम, अशी जोडी हवी. चित्र असलं की दोघांना एकच दिसतं, नियम लिहिला की दोघांच्या लक्षात राहतं.

कोटेशनमध्ये काय लिहून घ्यायचं?

हे सगळं करायला सॉफ्टवेअरवाल्याचा वेळ जातो, आणि वेळेचे पैसे असतात. 'आधी फुकट डिझाइन दाखवा, मग बघू' हा पुणेरी व्यवहार इथे करू नका. फुकटात मिळालेला नमुना दुसऱ्या कुणाच्या तरी कामातून उचललेला असतो. नमुन्याचा टप्पा वेगळा करा, त्याची छोटी रक्कम वेगळी ठरवा. आणि साध्या भाषेत चार ओळी लिहून घ्या:

'पहिल्या टप्प्यात ठरलेल्या कामांचे नमुने दाखवले जातील. ते प्रत्यक्ष वापरणाऱ्यांकडून तपासून दोन्ही बाजू सही करतील. सही झालेल्या नमुन्यांवर आणि नियमांवर पुढचं कोटेशन पक्कं होईल. पहिल्या टप्प्यानंतर कोणतीही बाजू थांबू शकते. झालेल्या टप्प्याचे पैसे दिले जातील आणि नमुने मालकाकडे राहतील.'

ही शेवटची ओळ फार कामाची आहे. जमलं नाही तर थोड्या पैशांत सुटका होते, आणि हातात नमुने राहतात. ते घेऊन दुसऱ्याकडे गेलात तर शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. सॉफ्टवेअरवाल्यालाही फायदा आहे: 'हे तर मी सांगितलं होतं' या वादात त्याच्याकडे सही केलेला कागद असतो. नंतर नवीन काही सुचलं, आणि ते सुचणारच, तर ते नवीन काम म्हणून शांतपणे मोजता येतं. संबंध टिकतात, आणि छोट्या धंद्यात संबंध हेच भांडवल असतं.

या आठवड्याचा गृहपाठ

नवीन सॉफ्टवेअर करायचं नसेल तरी एवढं करा. तुमच्या धंद्यातली जी वही रोज भरली जाते, तिचं एक पान समोर घ्या आणि ती स्क्रीन झाली तर कशी दिसेल ते कोऱ्या कागदावर काढा. चित्रकला नको, चौकोन आणि रेघा पुरे. मग जो ती वही भरतो त्याला तो कागद द्या आणि कालच्या नोंदी त्यावर भरायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहा, बोलू नका.

त्याने पहिला प्रश्न कोणता विचारला, तो खाली कमेंटमध्ये लिहा. बरेचदा त्या एका प्रश्नात तुमच्या भावी सॉफ्टवेअरचा अर्धा खर्च वाचवायची ताकद असते. निवडक प्रश्न घेऊन पुढच्या व्हिडिओत आपण कागदावर स्क्रीन काढून दाखवू.

भेटू पुढच्या भागात. धंदा सांभाळा, तब्येत सांभाळा!